खडी क्रशर आणि दगडखाण: दर पावसाळ्यात ओढा गढूळ, उन्हाळ्यात विहिरी कोरड्या – नेमकं काय तपासायचं?

तक्रार दोन भागांत येते आणि दरवर्षी त्याच क्रमाने येते. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की खाणीखालच्या ओढ्याला सिमेंट कालवल्यासारखं राखाडी पाणी येतं, बंधाऱ्यात गाळ बसतो आणि ग्रामपंचायत अर्ज देते. मग खाणवाला पोकलेन लावून गाळाचा खड्डा आणखी खोल करतो. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच. दुसरा भाग फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो, खाणीलगतच्या विहिरींचं पाणी तळाला जातं तेव्हा. एक बाजू म्हणते खाणीमुळे, दुसरी म्हणते पाऊसच कमी झाला. मोजमाप कुणाकडेच नसतं.

खाली लिहिलंय ते आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या खाणींसाठी आहे. वाघोली, मोशी, तुर्भे पट्ट्यांत आहेत तशा, आणि आता प्रत्येक तालुक्यात दोन-चार असतात तशा. नदीपात्रातल्या वाळू-गोट्यांच्या उपशाचं गणित वेगळं आहे, ते इथे घेतलेलं नाही.

आधी पाण्याचा रंग बघा

खड्डा खोल करायच्या आधी पाणी कुठून गढूळ होतंय ते शोधायचं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पारदर्शक एक लिटरच्या पाच-सहा बाटल्या, मार्कर पेन आणि भिजायची तयारी एवढं पुरतं. पाऊस चालू असतानाच पाणी भरायचं. पाऊस थांबल्यावर दोन तासांनी भरलेली बाटली काहीच सांगत नाही.

बाटल्या भरायच्या जागा: खाणीच्या वर ओढ्यात, क्रशरच्या आवारातून बाहेर पडणारं पाणी, मुरमाच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, डंपरच्या रस्त्याकडेची चारी, गाळतळ्याचा (पाणी निवळायला काढलेल्या गाळाच्या खड्ड्याचा) सांडवा आणि खाणीच्या खाली ओढ्यात. सगळ्या बाटल्या एका ओळीत पांढऱ्या कागदासमोर ठेवा.

राखाडी आणि अर्ध्या तासात तळाशी जाड थर बसला, तर ती क्रशरची कच, म्हणजे दगडाचा भुगा, आणि रस्त्यावरची डस्ट. तांबूस-पिवळं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच, तर ते मुरमाच्या ढिगाऱ्याचं किंवा उघड्या टाकलेल्या वरच्या मातीचं पाणी. दुधट राखाडी पाणी पाऊस नसतानाही ओढ्याला दिसत असेल, तर क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) धुण्याच्या प्लांटचा स्लरी पाइप, म्हणजे गाळपाण्याचा पाइप, कुठेतरी सुटलाय. हल्ली हे तिसरं प्रकरण वाढलंय. नदीच्या वाळूवर बंधनं आली तशी क्रश सँडची मागणी वाढली आणि वॉशिंग प्लांट जागोजागी उभे राहिले. पण त्याच्या गाळपाण्याची सोय प्लांटच्या कोटेशनमध्ये बहुतेक वेळा नसतेच.

आणि हो, खाणीच्या वरची बाटलीसुद्धा गढूळ निघू शकते. वर कुणाचं प्लॉटिंग चालू असेल, तर निम्मा गाळ तिथलाच असतो. ते आधी कळलेलं बरं.

गाळतळं असूनही पाणी गढूळच का जातं

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

कण पाण्यात खाली बसायला वेळ घेतो आणि तो वेळ कणाच्या आकारावर ठरतो. स्थिर पाण्यात पाषाणाचा ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण एक मीटर खाली जायला साधारण सहा-सात मिनिटं घेतो. १० मायक्रॉनचा कण अडीच-तीन तास. २ मायक्रॉनचा, म्हणजे चिकणमातीइतका बारीक कण अडीच-तीन दिवस. कचेतला जाड भाग लगेच बसतो, म्हणून तळ्यात गाळ साठलेला दिसतो आणि तळं काम करतंय असं वाटतं. ओढ्यात जातो तो उरलेला बारीक भाग.

आता खोलीचा प्रश्न. तळं दुप्पट खोल केलं, तर पाणी आत दुप्पट वेळ थांबतं हे खरं, पण कणालाही दुप्पट अंतर खाली जायचं असतं. फायदा शून्य. खोलीमुळे फक्त गाळ साठवायला जागा मिळते. कण पकडायचे असतील, तर तळ्याचा पसारा हवा. हिशोब सरळ आहे: येणारं पाणी (घनमीटर प्रति सेकंद) भागिले कण बसण्याचा वेग (मीटर प्रति सेकंद) बरोबर लागणारं क्षेत्रफळ (चौरस मीटर).

उदाहरण घेऊ. खाण आणि क्रशर मिळून २ हेक्टर, तासाला ५० मिमी पाऊस, त्यातलं ८० टक्के पाणी वाहून येतं. एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, या हिशोबाने तासाला ८०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.२२ घनमीटर. २० मायक्रॉनचा कण सेकंदाला साधारण ०.४ मिमी खाली जातो. म्हणजे सुमारे ५५० चौरस मीटर, साडेपाच गुंठ्यांचं तळं लागेल. वारा आणि पाण्याची खळबळ धरली, तर थोडं जास्तच. १० मायक्रॉनपर्यंत पकडायचं म्हटलं, तर याच्या चौपट, बावीस गुंठे. एवढी मोकळी जागा खाणीवर कोण ठेवतो?

याच खाणीच्या वर ६ हेक्टरची टेकडी असेल आणि तिचं पाणी खाणीतून उतरत असेल, तर अर्धं वाहून येतं धरलं तरी तासाला १५०० घनमीटर पाणी वाढतं. साडेपाच गुंठ्यांचं तळं आता सोळा गुंठ्यांवर गेलं. म्हणजे बहुतेक खाणींवर तळं लहान नसतं, तळ्यात नको ते पाणी घातलेलं असतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं मुख्य काम हेच: टेकडीचं स्वच्छ पाणी खाणीत येऊच द्यायचं नाही.

पहिला उपाय: वरची चारी

खाणीच्या वरच्या अंगाला, कड्यापासून सुरक्षित अंतर सोडून, गोल फिरणारी चारी काढा आणि तिचं पाणी थेट ओढ्यात सोडा. कागदावर हिला गारलँड ड्रेन म्हणतात आणि पर्यावरण परवानगीच्या जवळजवळ प्रत्येक अहवालात ती काढलेली असते. जागेवर गेलं की ती एक तर नसते, नाहीतर अर्ध्यात संपते, नाहीतर मुरमाच्या ढिगाऱ्याखाली गाडलेली असते.

चारी बिघडते ती तीन ठिकाणी. वळणावर बाहेरचा काठ फुटतो, तिथे दगडाची पिचिंग (दगड रचून अस्तर) करा. उतार जास्त असेल तिथे तळ खरवडला जातो आणि चारीच गाळ तयार करायला लागते. तिथे थोड्या थोड्या अंतरावर दगडाचे आडवे बांध घाला, मधला भाग काठांपेक्षा खाली ठेवून. तिसरं ठिकाण म्हणजे डंपरचा रस्ता चारीला आडवा जातो ते. तिथे नळा टाकलेला नसेल, तर पहिल्याच पावसात ड्रायव्हर मुरूम टाकून चारी बुजवतो आणि सगळं पाणी रस्त्यावरून खाणीत येतं. सिमेंटचा नळा टाकायचा खर्च तळं उपसायच्या पोकलेनच्या भाड्यापुढे काहीच नाही.

दुसरा उपाय: पाऊस खाणीच्या पोटात थांबवा

खाणीचा खड्डा हाच तुमच्याकडचा सगळ्यात मोठा हौद आहे आणि तो आयता आहे. खाणीच्या तळाचा एक कोपरा दोन मीटर खोल करून २० बाय २० मीटरचा संप काढला, तर त्यात ८०० घनमीटर पाणी मावतं, म्हणजे वरच्या उदाहरणातला तासाभराचा सगळा पाऊस. मग पाणी किती वेगाने बाहेर सोडायचं हे ढग ठरवत नाही, तुमचा पंप ठरवतो. सेकंदाला १५ लिटर काढणारा पंप लावला, तर ते ८०० घनमीटर पाणी पंधरा तासांत बाहेर जातं, आणि तेवढ्या पाण्यातले १० मायक्रॉनपर्यंतचे कण पकडायला बाहेर दीड-दोन गुंठ्यांचं तळं पुरतं. बावीसचे दोन गुंठे झाले!

पंपाचा फूटव्हॉल्व्ह मात्र तळाशी टाकू नका. रिकाम्या ड्रमला बांधून सक्शन पाण्याच्या वरच्या थरात, फूट-दीड फूट खाली तरंगत ठेवा. तळाशी टाकलेला पंप बसलेला गाळ पुन्हा उचलून ओढ्यात नेतो, आणि इंपेलर झिजतो तो वेगळाच. संपाभोवती कुंपण आणि फलक हवाच. खाणींच्या पाण्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतोच आपण.

खड्ड्याच्या भिंतीतून पाणी आत पाझरत असेल, तर हा उपाय जपून करा. त्याबद्दल पुढे.

तळं आहे, पसाराही आहे, तरीही गढूळ?

तर पाणी तळ्यात फिरतच नाहीये. तळ्याचं तोंड आणि सांडवा एकाच कोपऱ्यात असला की पाणी कडेकडेने सरळ निघून जातं आणि बाकीचं तळं नुसतं बघत राहतं. तपासायला सोपं आहे. पाऊस चालू असताना तोंडाशी दोन मुठी भुसा किंवा लाकडाचा भुगा टाका आणि घड्याळ लावा. भुसा काही मिनिटांत सांडव्यावर आला, तर तळ्याची लांबी-रुंदी कागदापुरतीच. मध्ये गॅबियनची (जाळीत भरलेल्या दगडांची) किंवा पोत्यांची आडवी भिंत घालून पाण्याला वळसा घालायला लावा. लांबी रुंदीच्या तिप्पट तरी पडली पाहिजे. सांडवा अरुंद न ठेवता रुंद आणि सपाट ठेवा, म्हणजे पाणी पातळ थरात ओसंडतं.

तांबूस पाणी दोन दिवसांनीही निवळत नसेल, तर तो मुरमातला चिकण भाग. नुसत्या तळ्याने तो बसणार नाही. पहिलं काम ढिगाऱ्यावर: पायथ्याला दगडी बांध, उतार कमी, आणि पावसाआधी गवताचं बी. बोडका ढिगारा ओढ्याशेजारी ठेवून खाली तुरटी टाकत बसण्यात अर्थ नाही. एवढं करूनही तुरटी लागलीच, तर आधी बाटलीत करून बघा. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. या पाण्याचं १ मिली एक लिटर गढूळ पाण्यात घातलं की १० मिलिग्रॅमचा डोस होतो. चार बाटल्यांत १, २, ३, ५ मिली घाला, पाचवी तशीच ठेवा. मिनिटभर जोरात, मग दहा मिनिटं हळू ढवळा आणि अर्धा तास ठेवून द्या. ज्या सगळ्यात कमी डोसने पाणी निवळतं, तो तुमचा. जास्त तुरटीने पाणी आम्ल होतं, म्हणून सामू (पीएच) बघत राहा.

बाहेर सोडायच्या पाण्याला नियमाने काय मर्यादा आहे, तेही लक्षात ठेवा. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकांनुसार ओढ्या-नदीत सोडायच्या पाण्यात तरंगते घन पदार्थ लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नकोत, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि सामू ५.५ ते ९ मध्ये हवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतिपत्रात याहून कडक आकडा असेल, तर तो लागू. तेलाचा उल्लेख आलाच आहे तर: डिझेलची टाकी आणि ग्रीसिंगची जागा सिमेंटच्या ओट्यावर, सर्वात मोठ्या टाकीहून थोडं जास्त मावेल एवढ्या बांधाच्या आत, आणि वर पत्रा. पत्रा विसरला की पहिल्या पावसात बांध पाण्याने भरतो आणि तेल वरून सांडतं.

आता विहिरी

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, आणि त्यात पाणी साठवायला जागा फार थोडी. वरचा मुरूम आणि झिजका दगड, मांजऱ्याचे (बारीक भोकं असलेल्या मऊ पाषाणाचे) थर, पाषाणातल्या भेगा आणि दोन थरांमधली गेरूची तांबडी पट्टी, पाणी या वाटांनी फिरतं. कडक काळा पाषाण कोरडाच. खाण नेमकी याच कडक पाषाणासाठी असते, पण तिथवर जाताना ती वरचा झिजका थर आणि मांजऱ्या कापते. भिंतीला कुठे ओल आहे ते जानेवारीत बघा. पावसाचं पाणी ओसरलेलं असतं, त्यामुळे तेव्हा जी ओल दिसते ती भूजलाचीच. त्या रेषेखाली खाण गेली की ती एक मोठी विहीर झाली समजा.

मग शेतकरी येऊन म्हणतो, "साहेब, तुमचा पंप चालू झाला की माझी मोटर हवा ओढते." हे खरं असेल किंवा नसेल. शेजारी ऊस आणि चार नवी बोअर झाली असतील, तरी विहीर तशीच वागते. वाद घालण्यापेक्षा मोजा.

सगळ्यात आधी एकाच पातळीवरून उंच्या काढा. डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) असेल तर उत्तम, नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून टप्प्याटप्प्याने नेता येतं. विहिरीचा काठ, त्यातलं पाणी, खाणीचा तळ आणि भिंतीची ओल एकाच मापात लिहा. खाणीचा तळ विहिरीतल्या पाण्याहून वर असेल, तर पातळी उतरल्याचं खापर त्या खाणीवर फोडता येत नाही. खाली असेल, तर पुढची चाचणी: खाणीचा पंप तीन दिवस बंद, विहिरीवरची मोटरही बंद, रोज ठरलेल्या वेळी पातळी. मग पंप चालू करून पुन्हा तीन दिवस तसंच. तुलनेसाठी ओढ्यापलीकडची लांबची एक विहीर सोबत मोजा. लांबची जागेवर राहिली आणि जवळची पंपाबरोबर वर-खाली झाली, तर उत्तर मिळालं. दोन्ही बाजूंची माणसं मोजणीला हजर हवीत आणि वहीवर दोघांच्या सह्या. नाहीतर सगळं फुकट.

वर्षभराच्या नोंदीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी मोजते ते महिने धरा: सप्टेंबरअखेर-ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येतात आणि "पाऊसच कमी झाला" या म्हणण्यात किती तथ्य आहे तेही कळतं.

खाण पाण्याच्या पातळीखाली गेली असेल, तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपशासाठी ना-हरकत दाखला लागतो. "आम्ही पाणी वापरत नाही, फक्त काढून टाकतो" हे उत्तर तिथे चालत नाही. काढलेलं पाणी निवळून शेजारच्या शेततळ्यांना किंवा त्या विहिरींच्या वरच्या अंगाच्या नालाबांधाला देणं हा मला तरी सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो. बऱ्याच गावांत वाद तिथेच मिटतो. मात्र हे पाणी थेट विहिरीत किंवा बोअरमध्ये पुनर्भरण म्हणून कधीही सोडू नका. बारीक कच भेगांमध्ये बसली की ती काढता येत नाही, आणि पाण्याबरोबर तेल आणि सुरुंगाच्या दारूचे अवशेषही आत जातात.

पाण्यात नायट्रेट निघालं तर

सुरुंगात वापरतात ते मिश्रण साधारण ९४ टक्के अमोनियम नायट्रेट आणि ६ टक्के डिझेल असतं. अमोनियम नायट्रेट पाण्यात साखरेइतकं सहज विरघळतं. छिद्रं भरताना सांडलेले दाणे आणि ओल्या छिद्रात न पेटलेली दारू पावसाबरोबर खाली जाते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. पण गावातल्या विहिरीत नायट्रेट युरियाचं, गोठ्याचं आणि शोषखड्ड्याचंही असतं. म्हणून नुसता विहिरीचा नमुना देऊ नका, त्याच दिवशी खाणीच्या संपाचाही द्या आणि दोन्हींत अमोनियाही तपासायला सांगा. संपात विहिरीपेक्षा कमी नायट्रेट असेल, तर आधी गोठा आणि शोषखड्डा बघा. जास्त असेल, तर ओल्या छिद्रांसाठी पाण्यात टिकणारं इमल्शन वापरायला आणि सांडलेले दाणे झाडून उचलायला ठेकेदाराला भाग पाडा. नमुने भूजल यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत देता येतात.

गाळ उपसल्यावर

हे बहुतेकांना शेवटी आठवतं, म्हणून दरवर्षी तोच गाळ पुन्हा ओढ्यात जातो. मेमध्ये तळं उपसतात आणि ओला गाळ तळ्याच्याच काठावर, ओढ्याच्या बाजूला, ढीग करून ठेवतात. रोहिणीच्या वळवाने तो परत आत नाहीतर सरळ ओढ्यात. उपसलेला गाळ काम संपलेल्या बेंचवर (खाणीतल्या पायरीवर), खाणीच्या आतल्या उताराला टाका, म्हणजे त्याचं पाणी परत तुमच्याच संपात येईल. कचेचा गाळ सुपीक म्हणून शेतात टाकायला देऊ नका. तो तळ्यातला गाळ असला, तरी धरणातल्या गाळासारखा नसतो. नुसतं दगडाचं पीठ आहे ते, आणि वाळलं की जमिनीवर टणक पापडी धरतं.

एकाच ओढ्यावर तीन-चार खाणी असतील, तर प्रत्येक हद्दीच्या वर आणि खाली बाटली भरा. सगळ्यांनी एकाच पावसात, एकाच तासात. मग तलाठ्यापुढे किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यापुढे बाटल्या ओळीने मांडा. रंग कुठल्या दोन बाटल्यांमध्ये बदलला, हे विचारावं लागत नाही.